कातडीआडचा कारभार

जबलपूर शहराच्या पूर्व अंगाला, सतपुल्याकडे व तेथून पुढे रांझी-खमरियाकडे जाणाऱ्या वाटेवर घमापुर नावाची जुनी, दाटीची वस्ती आहे. १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ चा लष्करी वाहनांचा कारखाना, या तिहींच्या पाळ्यांबरोबर शहराच्या या बाजूचे दिवस उगवत आणि मावळत आले. आणि जबलपूर ज्या काळी नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांतात मोडत होते त्या काळापासून, चाकरीच्या निमित्ताने येथे येऊन कायमची राहिलेली मराठी कुटुंबेही या शहराच्या जीवनात मिसळून गेली. दोन पिढ्यांपूर्वी कारखान्यातला कामगार सायकल हाणीत फाटक गाठी, दिवसभर उभ्याने यंत्र चालवी आणि संध्याकाळी पुन्हा सायकलनेच घरी येई. त्याचा नातू मोटारसायकलवर जातो, बसून काम करतो, आणि सुटीच्या सकाळी खव्याच्या जलेबीचा समाचार मात्र आजोबांच्याच तन्मयतेने घेतो. जलेबीवर माझा राग नाही. ती खाल्ल्यावाचून कोणी जबलपूरविषयी मत देऊ नये असे मी मानतो. परंतु आजोबांच्या आणि नातवाच्या कंबरपट्ट्यांत जी काही भोके वाढली, त्यांचा परिणाम हृदय, यकृत, मूत्रपिंड अशा बड्या अवयवांच्या कितीतरी आधी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांवर होऊ लागतो, आणि शस्त्र न चालविता या वाहिन्यांची चौकशी जेथे सर्वांत सुलभपणे करता येते अशी जागा म्हणजे आपली त्वचा होय.

वैद्यकात ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात तो एकच एक रोग नव्हे. चयापचयाच्या पाच बिघाडांपैकी कोणतेही तीन एका देहात एकत्र नांदू लागले म्हणजे त्या समुच्चयाला हे नाव मिळते. कंबरेचा वाढलेला घेर, वरचा १३० किंवा खालचा ८५ येथवर पोचलेला रक्तदाब, उपाशीपोटी १०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक रक्तशर्करा, १५० वा त्याहून अधिक ट्रायग्लिसराइड, आणि हितकारक समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या खाली, अशी ही पाच कलमे आहेत. त्यांतील एकेक कलम सुटे पाहिले तर ते क्षुल्लक वाटते, आणि ‘थोडीशी साखर आहे’, ‘जरासे प्रेशर आहे’ अशा लाडिक शब्दांत आपण त्याची बोळवण करतो. त्यांतील काही कलमे एकमेकांच्या संगतीने हिंडतात हे स्वीडिश वैद्य एस्किल किलिन यांनी १९२३ सालीच नमूद केले होते. परंतु अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ च्या आपल्या बँटिंग व्याख्यानात इन्शुलिनला न जुमानणारे शरीर हा त्या सर्वांचा समान दुवा असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हापासून या विचाराला खरी प्रतिष्ठा लाभली. २००९ साली निरनिराळ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी व्याख्येबाबतचे आपले मतभेद मिटविले आणि कंबरेची मर्यादा प्रत्येक लोकसमूहाच्या मानाने ठरवावी असे मान्य केले. आपल्याकडील पुरुषांना ती ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी लागू होते, म्हणजे पुरुषांच्या बाबतीत तरी गोऱ्या युरोपीय माणसापेक्षा कडक.

ही कडक मर्यादा आपल्याच वाट्याला का यावी, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात स्वतःच्याच देहांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे तंतोतंत सारखे, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २२.३, आणि तो निर्दोष गणला जाणारा; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एका पानाच्या या लेखाने वजनकाट्याची जेवढी अब्रू गेली तेवढी जाडजूड प्रबंधांनीही गेली नसेल. त्याआधीच, १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांची अपत्ये यांचा जो दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यातून असे निष्पन्न झाले होते की सरासरी जेमतेम २.७ किलो वजनाची आपली नवजात बालके स्नायूंनी व पोटातील अवयवांनी किरकोळ असली तरी त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने राखून असतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, ही जी आकृती आपल्या कचेऱ्यांत, देवळांत आणि लग्नाच्या पंगतींत जागोजाग दिसते, तिचे मूळ असे जन्माच्याही अलीकडचे नसून पलीकडचे आहे.

आता त्वचेकडे वळू. तिच्या सर्वांत वरच्या थरात रक्तवाहिनी नसतेच. म्हणूनच वरवर खरचटले तर रक्त येत नाही. त्याखालच्या आंतरत्वचेत वाहिन्यांची दोन आडवी जाळी पसरलेली असतात, एक खोल, मेदाच्या सीमेवर, आणि दुसरे पृष्ठभागापासून एक ते दीड मिलिमीटरवर; या वरच्या जाळ्यातून केसाच्या आकड्यासारखे असंख्य फास वर चढतात आणि वळून परत खाली येतात. याच केशवाहिन्या. त्यांची पोकळी इतकी अरुंद असते की रक्तातील तांबड्या पेशीला, जिचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागांनी मोजल्यास सात ते आठ भरतो, अंग चोरून एकामागून एक जावे लागते. हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला तेव्हा धमनीतून निघालेले रक्त शिरेत कोणत्या वाटेने शिरते हे त्याला दिसलेले नव्हते. ती वाट १६६१ साली इटलीच्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहिली. पुढे कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी या वाहिन्या केवळ निर्जीव नळ्या नसून गरजेप्रमाणे त्यांतील कमीअधिक वाहिन्या रक्तासाठी खुल्या होतात हे दाखविले आणि १९२० चे नोबेल पारितोषिक मिळविले.

क्रोग यांचा हा विचार प्रस्तुत विषयाची किल्ली आहे. सुखद हवेत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते. तोच माणूस भयंकर उष्म्यात सापडला तर हा ओघ सहा ते आठ लिटरपर्यंत चढू शकतो. त्वचेच्या स्वतःच्या पोषणाला यातला अल्पसा हिस्सा पुरतो. उरलेली सारी तजवीज शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी आहे. सबब, त्वचेतील रक्तवाहिन्या निरोगी आहेत किंवा नाहीत हे त्यांच्या विसाव्यातील प्रवाहावरून सहसा कळत नाही, मागणी येताच त्या किती उघडतात यावरून कळते. मेटाबॉलिक सिंड्रोमने प्रथम हरण केले जाते ते याच राखीव सामर्थ्याचे. तळहात उबदार आहे, गाल लाल आहेत, यावरून आपले रक्त उत्तम खेळते असा जो दाखला आपण स्वतःला देतो, तो म्हणून कुचकामाचा.

वाहिनीने उघडावे किंवा मिटावे हा हुकूम सुटतो तो तिच्या आतील अस्तरातून. हे अस्तर एका पेशीच्या जाडीचे असून दीर्घकाळ त्याला भिंतीच्या गिलाव्याहून अधिक मान कोणी देत नव्हते. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीन या द्रव्याने पट्टी सैल पडते, आणि अस्तर खरवडून काढले तर पडत नाही. अस्तर काहीतरी सोडते, आणि त्या काहीतरीने स्नायू सैलावतो, हे उघड झाले. ते द्रव्य नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू निघाला आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व म्युराड या तिघांना विभागून मिळाले.

इन्शुलिन म्हणजे साखर उतरविणारे द्रव्य, एवढीच त्याची ओळख आपल्याला असते. वस्तुतः जेवणानंतर रक्तात चढलेले इन्शुलिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही दोन परस्परविरुद्ध आज्ञा देत असते. एका मार्गाने ते नायट्रिक ऑक्साइड निर्माण करवून वाहिन्या उघडते, म्हणजे साखर व खुद्द इन्शुलिन ही दोन्ही स्नायूंपर्यंत पोचावीत. दुसऱ्या मार्गाने ते एंडोथेलिन नावाचे आकुंचक द्रव्य सोडवते. निरोगी देहात या दोहोंचा तोल राहतो. इन्शुलिनला न जुमानण्याची वृत्ती बळावते तेव्हा पहिला मार्ग बंद पडतो आणि दुसरा चालूच राहतो. त्यात, हट्टी पेशींना नमविण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन पाठवीत असल्यामुळे, आकुंचनाची आज्ञा उलट अधिकच जोराने बजावली जाते. मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत चमत्कारिक आणि सर्वांत शोचनीय भाग हाच वाटतो, की औषध म्हणून पाठविलेली रसद वाटेतच शत्रूला सामील व्हावी.

मेदाचा यातला भाग निव्वळ ओझ्याचा नाही. पोटातील मेद आळशासारखा पडून राहत नसून स्निग्धाम्ले व दाहकारक द्रव्ये रक्तात सोडीत असतो, आणि संरक्षक असे ॲडिपोनेक्टिन त्या प्रमाणात घटते. वर ज्या युडकिन यांचा उल्लेख आला त्यांनीच एरिंगा आणि स्टेहाउवर या डच सहकाऱ्यांसमवेत २००५ साली अशी उपपत्ती मांडली की लहान धमनीच्या मुळाशी जमलेली मेदाची मेखला ही द्रव्ये थेट त्या वाहिनीच्या भिंतीत झिरपवून तिची उघडण्याची शक्ती मारून टाकते. तिकडे वाढलेल्या साखरेमुळे भिंतींतील प्रथिनांना साखर चिकटून ती ताठर होतात, केशवाहिनीभोवतालचा तळपडदा जाड होत जातो, आणि वारंवार मिटून राहणाऱ्या काही केशवाहिन्या कालांतराने नाहीशाच होतात. ही विरळता पुढे भरून येणे दुरापास्त असते.

या गोष्टी कळल्या कशा, तर बव्हंशी हाताच्या कातडीवरूनच. त्वचेवर लेसरचा क्षीण किरण टाकला असता हलत्या रक्तपेशींवरून परतलेल्या प्रकाशाच्या कंपनसंख्येत जो फरक पडतो, त्यावरून प्रवाहाचे मान काढता येते. मग तेथेच लहानशी तबकडी लावून त्वचा ४४ अंशांपर्यंत तापवितात आणि प्रवाह किती पट चढतो ते पाहतात. दुसऱ्या रीतीत दंडावरचा पट्टा फुगवून काही मिनिटे रक्त अडवितात व सोडतात; तिसरीत नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्यांचे फास चक्क मोजतात. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील अँटोनिओस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत हे फास संख्येनेच कमी असल्याचे दाखविले, आणि ज्यांचा दाब नुसता सीमेवर होता त्यांच्यातही ते विरळ आढळले. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या नागरिकांच्या मोठ्या पाहणीतून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की उष्णतेला मिळणारा त्वचेचा प्रतिसाद मधुमेह्यांत तर मंदावलेला असतोच, पण ज्यांची साखर अद्याप मधुमेहाच्या रेषेअलीकडे आहे त्यांच्यातही तो मंदावू लागलेला असतो. डोळ्याच्या पडद्यावरील धमनिकांचेही तेच. म्हणजे कातडीचे गाऱ्हाणे कातडीपुरते नाही, साऱ्या देहातील बारीक वाहिन्यांच्या वतीने ते आलेले असते.

येथे कारण कोणते आणि कार्य कोणते, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील. उत्तर असे की वर्तुळाला आरंभ नसतो. इन्शुलिनचा प्रभाव ओसरल्याने वाहिन्या उघडेनाशा होतात. वाहिन्या न उघडल्याने स्नायूंना इन्शुलिन व साखर कमी पोचते आणि रक्तातील साखर आणखी चढते. मिटलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्यास दाब वाढवावा लागतो, आणि वाढलेल्या दाबाने उरल्यासुरल्या वाहिन्याही घायाळ होतात. पाच कलमे एकत्र का हिंडतात याचा उलगडा पुष्कळ अंशी येथे होतो.

आरशात यातले काय दिसते? मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखी काळसर जाड कातडी येते, तिला मळ समजून बिचाऱ्या मुलांना घासून काढणाऱ्या माता मी पाहिल्या आहेत. तो मळ नव्हे, अतिरिक्त इन्शुलिनने त्वचेच्या पेशींची केलेली अवास्तव वाढ आहे. हे लक्षण रक्तवाहिन्यांचे नाही, परंतु ज्या मूळ बिघाडाने वाहिन्या बिघडतात त्याचीच ती जाहीर नोटीस होय, आणि ती बहुधा मधुमेहाच्या कितीतरी वर्षे आधी लागते. नडगीवर उठणारे तपकिरी, किंचित खोलगट डाग मात्र मधुमेह जुना झाल्यावर येतात आणि सूक्ष्म वाहिन्यांच्या विकाराशी त्यांचा संबंध जोडला जातो. कोरडी पडलेली, भेगाळलेली टाच आणि भरून यायला महिना घेणारी जखम यांची दखल आपण सर्वांत उशिरा घेतो, वास्तविक ती सर्वांत आधी घ्यावयास हवी. जखम भरायची तर तेथील वाहिन्यांनी एरवीच्या कित्येक पट रक्त पुरवावे लागते, आणि हाच तो मागणीचा प्रसंग, ज्या वेळी त्या हात वर करतात. शिवाय मज्जातंतूंनाही स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या निकामी झाल्या की संवेदना बधिर होते, आणि मग जखम झाली हेच कळत नाही.

जबलपुरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. ग्वारीघाटावर वर्षानुवर्षे नर्मदेचे परिक्रमावासी येतात, त्यांत महाराष्ट्रातून आलेल्यांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांतील कित्येकजण परंपरेप्रमाणे अनवाणी चालतात. श्रद्धेच्या आड येण्याचा अधिकार मला नाही. परंतु ज्याच्या तळव्याची संवेदना मंदावली आहे त्याने तापलेल्या फरशीवर किंवा खडकाळ वाटेवर अनवाणी पाऊल टाकणे म्हणजे पायच पणाला लावणे आहे, आणि जुन्या मधुमेह्याला यात्रेला निघण्यापूर्वी हे स्पष्ट शब्दांत सांगणारा कोणीतरी घरात असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात येथील पारा चाळिशी सहज ओलांडतो. कॅनडातील ओटावा विद्यापीठात झालेल्या प्रयोगांनी दाखविले आहे की मधुमेही प्रौढांच्या शरीरातून श्रमाच्या वेळी उष्णता बाहेर टाकण्याचे काम नीटसे होत नाही; त्वचेतील रक्तप्रवाह व घाम दोन्ही तोकडे पडतात. भट्टीजवळ, पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या पन्नाशीतल्या माणसाला ऊन अधिक लागते ही त्याची तक्रार म्हणून नाजूकपणाची समजू नये.

एक तांत्रिक सूचनाही या प्रदेशाला उद्देशून करावीशी वाटते. महाकोशल व विदर्भ या भागांत सिकलसेलचा विकार आढळतो. १९८४ साली जबलपुरात सुरू झालेली आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था इतर विषयांबरोबर त्याचाही अभ्यास करते. ज्याच्या हिमोग्लोबिनमध्ये हा दोष आहे, त्याच्या बाबतीत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही चाचणी फसवी ठरू शकते. अशा घराण्यातील माणसाने उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरच्या साखरेवर अधिक भिस्त ठेवावी.

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे आकडे २०२३ साली बाहेर आले, त्यांनुसार देशात मधुमेही १०.१ कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी, आणि पोटाचा घेर मर्यादेबाहेर गेलेले प्रौढ शेकडा ३९.५. यांतील उंबरठ्यावरच्या मंडळींचीच गोष्ट आशेची आहे, कारण त्यांच्या वाहिन्यांचा बिघाड अद्याप मुख्यत्वे वर्तनाचा असतो, बांधणीचा झालेला नसतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ आहार व चालणे यांच्या शिस्तीने अशा लोकांतील मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, आणि नोंद घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांचे वजन फारसे उतरलेले नव्हते. नियमित श्रमाने वाहिनीच्या अस्तरावरून रक्त वेगाने घासत जाते आणि तो घर्षणस्पर्शच नायट्रिक ऑक्साइड निर्माण करवितो, हे यामागचे एक कारण. याउलट बिडी, जिचा धंदा जबलपूर-सागर पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, ओढल्यापासून काही मिनिटांतच त्वचेतील वाहिन्या आवळते. ज्याच्या वाहिन्या आधीच मिटू लागल्या आहेत त्याला ही चैन परवडणारी नाही. बाजारात ‘रक्त पातळ करणारे’ व ‘नसा मोकळ्या करणारे’ म्हणून जे काढे आणि तेले विकली जातात त्यांच्यावर पैसे घालविण्यापेक्षा ते चांगल्या पादत्राणांवर घालवावेत, असे माझे मत आहे.

लेसरची चाचणी संशोधनापुरती आहे, ती कोणत्याही डॉक्टरपाशी मागत बसू नये. घरातील शिंप्याची टेप काढावी. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषाचे ९० च्या किंवा स्त्रीचे ८० च्या वर भरले, तर त्याच आठवड्यात रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी तपासून घ्यावी. आणि घरात कोणी मधुमेही असेल तर रोज रात्री निजण्यापूर्वी त्यांचे तळवे व बोटांच्या बेचक्या दिव्याच्या उजेडात, त्यांना वाकता येत नसल्यास आपण स्वतः, पाहाव्यात.